हात चालतो, शाखा कुठली?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. काही पेढे घेऊन येतात, काही नुसती गुणपत्रिका घेऊन येतात. पेढेवाल्यांचं ठरलेलं असतं. गुणपत्रिकावाल्यांना सल्ला हवा असतो. मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी वाङ्मय घेऊन. पण नात्यागोत्यात पहिला पदवीधर मीच, म्हणून हा मान माझ्याकडे आला आणि तो परत करण्याची सोय नाही.

अशीच माझी धाकटी बहीण मूलहून आली. सोबत मुलगा. गुण एकसष्ट टक्के. गणितात काठावर, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा मात्र चांगल्या श्रेणीत पास. बहीण म्हणाली, "भाईजान, सगळे सायन्स म्हणतात. हा म्हणतो, मला काहीतरी बनवायचं शिकायचंय. बनवायचं म्हणजे काय? मिस्त्री व्हायचं का?" मुलगा काहीच बोलला नाही. त्याने मोबाइल काढला आणि मला एक फोटो दाखवला.

फोटोत बांबूचा एक सांगाडा होता. माझ्या मेहुण्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकलचं चाक वाकडं फिरायला लागलं की त्याचा आऊट काढावा लागतो. चाक फिरवत राहायचं, रिम कुठे झुकते ते पाहायचं आणि तिथला एकेक स्पोक कसायचा किंवा ढिला करायचा. मेहुणे हे काम वीस वर्षं उकिडवे बसून करत आले. आता कंबर धरते. मुलाने ते पाहिलं आणि स्टुलावर बसून काम करता येईल एवढ्या उंचीवर चाक धरणारी घोडी केली. पहिल्यांदा त्याने बांबूत खिळे ठोकले, तर बांबू उभा चिरला. दुसऱ्यांदा तारेने बांधली, तर चाक फिरवताना ती डुलायला लागली. तिसऱ्यांदा त्याने भोकं पाडून त्यात लाकडी खुंट्या बसवल्या आणि जोड पेराजवळ घेतला, कारण पेराजवळ बांबू मजबूत असतो हे त्याच्या ध्यानात आलं होतं. ती घोडी टिकली.

मी बहिणीला म्हटलं, हे मिस्त्रीकाम नाही. म्हणजे मिस्त्रीकाम तर आहेच, पण त्याच्या आधीचं एक काम यात आहे. त्याला डिझाइन म्हणतात.

हा शब्द आपल्याकडे साडीच्या काठाला आणि मेंदीच्या हाताला लागून गेला आहे. डिझाइन म्हणजे नक्षी, शोभा, वरून चढवलेलं काहीतरी, असं आपण धरतो. खरं तर अडचण कुणाची आहे ते पाहणं, मोजमाप घेणं, कागदावर काढणं, करून बघणं, फसणं आणि पुन्हा करणं, या सगळ्या साखळीचं ते नाव आहे. नक्षी हा त्यातला शेवटचा भाग, आणि तोही कधीकधी लागतच नाही. इंग्लंडमध्ये हा शाळेचाच विषय आहे. १९९० पासून 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' या नावाने तो तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला. सोळा ते अठरा वयाच्या मुलांना, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांना, तो निवडता येतो. तिथे निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे एका वस्तूला असतात. कुणाची तरी गरज शोधायची, तिच्यासाठी वस्तू करायची आणि ती कशी घडत गेली त्याची वही ठेवायची. माझ्या भाच्याने घोडीची वही ठेवली असती तर तिथे त्याला बरे गुण मिळाले असते.

आपल्याकडे अकरावीत असा एक सरळ विषय नाही. पण विचार मात्र आपल्याकडचाच आहे, आणि तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या कामातून शिक्षण द्यावं हा गांधीजींचा आग्रह तिथे मांडला गेला आणि पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखला गेला. तो फार टिकला नाही. पालकांना वाटलं, सूतच काढायचं तर शाळेत कशाला पाठवायचं? नंतर १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम राज्यातल्या कितीतरी शाळांपर्यंत पोचला. मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया असं काम करतात, आणि काम गावातल्या माणसांना हवं असलेलं असतं. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी तिथे एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही आहे.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलाने करायचं काय? इथे मला आधी एक कबुली द्यावी लागेल.

१९८९ मध्ये माझा धाकटा भाऊ दहावी झाला. रेडिओ उघडून पुन्हा जोडणारा मुलगा. अब्बा मला म्हणाले, तू कॉलेजात आहेस, तूच सांग. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, सायन्स. का? तर मला स्वतःला ते जमलं नव्हतं. भाऊ बारावीत भौतिकशास्त्रात दोनदा नापास झाला. मग आम्ही त्याला एका प्रशिक्षण संस्थेत घातलं. तिचं नाव घेत नाही. तिथे लेथ मशीन होतं आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण होतं. दोन वर्षांत ते आवरण निघाल्याचं त्याला आठवत नाही. मुलांनी वहीत लेथची आकृती काढली, भागांना नावं दिली आणि प्रमाणपत्र घेऊन घरी आले. खरं काम तो पुढे एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून शिकला. आज बल्लारपूरला त्याचं ग्रिल-दरवाज्यांचं दुकान आहे, बरं चालतं. पण पाच वर्षं गेली. त्याने मला हे कधी बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून यावेळी मी सल्ला देण्याआधी चार ठिकाणी विचारलं. ते तुम्हालाही सांगतो.

पहिला गैरसमज असा की डिझाइनला सायन्स लागतंच. अहमदाबादची एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची. पवईच्या आयआयटीतलं डिझाइन केंद्र १९६९ चं. आयआयटीसारख्या संस्थांत बारावीनंतर डिझाइनच्या पदवीला जाण्यासाठी 'यूसीड' नावाची प्रवेश परीक्षा आहे, एनआयडीची स्वतःची वेगळी आहे. या दोन्हींना बारावी कुठल्याही शाखेतून चालते. कला शाखेचा मुलगाही बसू शकतो. परीक्षेत रेखाटन आणि निरीक्षण तपासतात, आणि एनआयडीच्या दुसऱ्या टप्प्यात हाताने वस्तू करूनही दाखवावी लागते. मूलच्या सायकल दुकानातल्या मुलाला हे परकं नाही. परकी आहे ती फी. ती लाखांत जाते. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांची चौकशी प्रवेशाच्या आधी करायची असते, नंतर नाही.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. चित्र चांगलं काढतो म्हणून गणित सोडून द्यायचं. इथे सांभाळा. आर्किटेक्ट व्हायचं असेल तर गणित लागतंच, ते बारावीला असो की डिप्लोमाला. इंजिनिअरिंगची गोष्ट तर उघडच आहे. पंधराव्या वर्षी कंटाळून सोडलेला विषय विसाव्या वर्षी दारावर उभा राहतो. मुलाला गणित येत नाही की मास्तर भेटला नाही, हेही एकदा पाहावं. माझा भाचा काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत पाठ म्हणू शकत नव्हता, पण घोडीचे पाय किती तिरके ठेवले म्हणजे ती पडणार नाही, हे त्याने दोरी लावून काढलं होतं.

मधल्या वाटा जास्त आहेत आणि त्यांची माहिती सगळ्यात कमी. आपल्याकडे दहा अधिक दोनचा आकृतिबंध १९७५ मध्ये आला, तेव्हापासून अकरावी-बारावीला व्यवसायाशी जोडायचे प्रयत्न चालू आहेत. सायन्समध्ये दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी दोनशे गुणांचा तांत्रिक विषय घ्यायचा, त्याला द्विलक्षी म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल मेंटेनन्स असे विषय त्यात येतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडचं 'एमसीव्हीसी', सुरू झालं. त्याची नावं आणि रूपं नंतर बदलत गेली. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने पाच वर्षांपूर्वी केलं होतं एवढ्यावर जाऊ नका. या वर्षी ते त्या कॉलेजात आहे का, हे कॉलेजात जाऊन विचारा.

आयटीआयबद्दल आपल्या मनात अढी आहे. नापासांची जागा म्हणून. ही अढी सोडायला हवी, निदान आपल्या दोन जिल्ह्यांत तरी. इथे २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, भद्रावतीला आयुध निर्माणी आहे, गडचिरोलीत सूरजागडचं लोहखनिज निघतंय आणि कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन या सगळ्यांना लागतात, आणि १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतन घेत शिकताही येतं. ज्याला रेखाटनाची आवड आहे त्याच्यासाठी आयटीआयत एक ट्रेड आहे, ड्राफ्ट्समन. मेकॅनिकल आणि सिव्हिल असे त्याचे दोन प्रकार, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. वस्तू करण्याआधी तिचं माप आणि नकाशा काढणारा हा माणूस. आणि दोन वर्षांचं आयटीआय झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो. म्हणजे तिथे रस्ता संपत नाही, वळतो. मुलींसाठी आयटीआयत ३० टक्के जागा राखीव आहेत, तरी मुलींच्या बापांना हे माहीत नसतं, असं मी अलीकडे दोनदा पाहिलं.

आता बांबू. या विषयावर मी थोडा रेंगाळणार, कारण जंगलात राहून जंगलाबद्दल न बोलणं बरं नाही.

आपल्या भागात सागवान आणि बांबू दोन्ही. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून वाजतगाजत सागवान गेलं. लाकूड आपलं, कोरीवकाम करणारे हात बाहेरचे. याच्यात कुणाचा दोष नाही, पण मला तिथे काहीतरी टोचलं. बांबूचंही तेच. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ च्या सुमारास उभा राहिला आणि पुढे कित्येक दशकं आपला बांबू लगदा होण्यासाठी गेला. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या बांबूचं काम आहे त्या बुरड मंडळींना मात्र टोपल्या-सुपांसाठी बांबू मिळवताना चकरा माराव्या लागत. कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड धरलेलं होतं. वास्तविक ते गवत. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. पण कायद्याला ते कळायला वेळ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचं परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१७ मध्ये जंगलाबाहेर, म्हणजे शेतात-बांधावर लावलेला बांबूही झाडाच्या व्याख्येतून सुटला.

म्हणजे माल आता बराच मोकळा झाला. कमी आहे ती माल समजून घेणाऱ्याची. बांबू कोंबातून वर येतो तोच आपली पुरी जाडी घेऊन येतो. नंतर तो लाकडासारखा जाड होत नाही, फक्त पक्का होतो. तीन वर्षांच्या आतला कोवळा तोडला की वाळताना आक्रसतो आणि केलेली वस्तू ढिली पडते. त्यात पिष्ट असतं, म्हणून घुणकिडा लागतो. तो लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवावा लागतो. बाहेरच्या कातडीजवळचे धागे सगळ्यात बळकट, आतला गर नरम. हे सगळं बुरडाच्या हाताला माहीत असतं, पुस्तकाला कमी. आणि कागदावर काढणं, माप देणं, दहा नग एकसारखे करणं, भाव बांधणं हे पुस्तकाला माहीत असतं, हाताला कमी. दोघांची गाठ पडली की सुपाच्या जागी खुर्ची होते. मेळघाटात धारणीजवळ लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारलं, ते ही गाठ घालण्यासाठीच.

आपल्याकडे चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१४ मध्ये मंजूर झालं. बांबूचीच मोठी देखणी इमारत बांधत आणली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला आग लागली आणि इमारत जळाली. मी रस्त्याने जाताना ती काळी पडलेली पाहिली आहे. भाच्याला तिथे घेऊन गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "मामू, बांबू पेटतो हे करणाऱ्यांना माहीत होतं ना?" मी म्हटलं, हाच प्रश्न वहीत लिहून ठेव, तुझ्या विषयातला आहे. केंद्रात बांबू तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम आणि कारागिरांसाठी लहान मुदतीची प्रशिक्षणं चालत आली आहेत. जायचं असेल तर पात्रता आणि या वर्षीची तुकडी, दोन्ही आधी विचारून घ्या.

विचारायचं कसं, तेही भावाच्या लेथने मला शिकवलं. कुठल्याही संस्थेत गेलात की ऑफिसात बसू नका, कार्यशाळेत जा. जमिनीवर भुसा किंवा लोखंडाचा कीस पडलेला आहे का पाहा. फार स्वच्छ कार्यशाळा मला संशयास्पद वाटते. आठवड्यात किती तास हाताचं काम, ते विचारा. गेल्या वर्षीची मुलं कुठे आहेत, एखाद्याचा फोन नंबर द्या, म्हणा. प्रमाणपत्र कुठल्या मंडळाचं आणि त्यावर पुढे कुठे प्रवेश मिळतो, हे लेखी पाहा. एवढं विचारलं की कुणी रागावलं तर समजून जा.

आणि फॉर्म. आता सगळं ऑनलाइन झालंय. २०२५ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेशही तसेच. भामरागड-एटापल्लीकडचा मुलगा नेट कॅफेत रांगेत उभा राहतो आणि कॅफेवाला पसंतीक्रम आपल्या मनाने टाकून मोकळा होतो. अकरावीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पसंतीक्रम घरी कागदावर लिहून न्या आणि स्क्रीनवर वाचून मगच बटण दाबू द्या.

बहिणीचा मुद्दा शेवटपर्यंत एकच होता. मिस्त्री. तिचं दुःख मला कळतं. आमच्या घरात पिंजण्याचं काम होतं. आजोबांनी ते सोडलं, अब्बांनी शिपायाची नोकरी धरली, मी टेबलाशी बसलो. दर पिढीने हातावरची धूळ थोडी झटकली आणि त्यालाच प्रगती म्हटलं. गंमत पाहा, मराठीत हुन्नर, कसब, कारागीर, नमुना, नक्षी हे शब्द फारसी-अरबीकडून आले. बहुधा हत्यारांच्या पिशवीतूनच आले असावेत. शब्द मराठीने जपले. काम आम्ही सोडलं. मी हे बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "भाईजान, शब्दांवर तुमचं घर चालतं का?" मी गप्प बसलो. नाही चालत.

मग मेहुण्यांनी तोंड उघडलं. ते फार बोलत नाहीत. म्हणाले, "याला कॉलेजात पाठवा की आयटीआयला, पण मला याची घोडी चालते एवढं मला माहीत आहे. सकाळपासून चार चाकं काढली, कंबर दुखली नाही." बहिणीने अट घातली, डिप्लोमापर्यंत जायचंच, मध्ये थांबायचं नाही. मुलाने मान हलवली. चंद्रपूरच्या आयटीआयत ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ही पहिली पसंती टाकली आणि ती मिळाली. गणिताची शिकवणी माझ्या भावाने लावून दिली. पैसे मी द्यायला निघालो, तर म्हणाला, "राहू द्या भाईजान, हे माझ्याकडे."

दिवाळीला मूलला गेलो तेव्हा भाचा घरी होता. त्याने घोडीचं मापावर काढलेलं रेखाचित्र दाखवलं, समोरून, बाजूने आणि वरून. काढताना त्याला एक गोष्ट सापडली होती. "मामू, डावा पाय दीड सेंटिमीटर जास्त आहे. कुणाच्या लक्षातच आलं नाही." मेहुणे चाक फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "पहिल्या दिवशी आलं होतं. उजव्या पायाखाली ट्यूबचा तुकडा कशासाठी ठेवलाय?"